शोपाँचा ई फ्लॅट नॉक्टर्न, ओपस ९ क्र. २: ‘स्वतःचं’ वाजवायचं म्हणजे नेमकं कुठे, काय करायचं?

उत्तररात्र

शोपाँचा हा नॉक्टर्न (रात्रीच्या भावाचा पियानोचा तुकडा) बसवतो आहे. ३४ बार (चार-चार बीटची आवर्तनं) न अडखळता होतात, मिनिटाला १०८ क्वेव्हर (क्वेव्हर म्हणजे इथे बीटचा तिसरा हिस्सा) या वेगाला मेट्रोनोम या टिकटिक करणाऱ्या लययंत्रासोबतही हात सुटत नाही. अडचण त्यापुढची आहे. मेट्रोनोम लावून वाजवलं की सगळं कोरडं, पाढे म्हटल्यासारखं. मेट्रोनोम बंद करून मोकळं वाजवलं की प्रत्येक फ्रेजच्या (सुरांच्या वाक्याच्या) शेवटी लय ढेपाळते, आणि चार-सहा बारांत बीट कुठे आहे तेच कळेनासं होतं.

रुबिनस्टाइनचं एक आणि रॅकमनिनॉफचं १९२७ चं, अशी या पियानोवादकांची दोन ध्वनिमुद्रणं स्कोअर (छापील स्वरलिपी) समोर ठेवून ऐकली. एकाच कागदावरून दोन वेगळ्या गोष्टी निघाल्यात आणि दोन्ही पटतात. मग प्रश्न असा की त्यांनी घेतलेलं स्वातंत्र्य आणि माझी ढिसाळ लय यांत फरक नक्की कुठला? ‘मनापासून वाजव’ हे उत्तर नको आहे. कुठल्या नोटवर थांबायचं, किती, आणि का, एवढं कुणी सांगितलं तर बरं.

वाद्य ८८ कीजचा डिजिटल पियानो, सोबत आलेलं साधं पेडल. परीक्षेत अकूस्टिक ग्रँडवर (तारांच्या मोठ्या पियानोवर) वाजवावं लागेल.

काळीपाच

‘किती भावना घालायची’ हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी वाटणी करा: शोपाँने कागदावर काय पक्कं करून दिलंय आणि काय वाजवणाऱ्यावर सोडलंय. नोट्स, १२/८ (बारात बारा क्वेव्हर), अँडान्टे (संथ चाल), डाव्या हाताची चाल, पेडलच्या बऱ्याच खुणा, जोर-हळूच्या खुणा हे त्याचं. सुरांचा आपसातला तोल, प्रत्येक फ्रेजचं टोक कुठे, सूर किती लांबवायचा आणि तो वेळ कुठून आणायचा, हे आपलं. स्वतःचं वाजवणं या दुसऱ्या कप्प्यातच घडतं.

वेगापासूनच बघा. छापील खूण क्वेव्हर = १३२, म्हणजे डॉटेड क्रॉचेट (तीन क्वेव्हरचा एक बीट) ४४. एका बारात चार बीट, ३४ बारांचे १३६. भागाकार केला तर सगळा तुकडा तीन मिनिटं आणि काही सेकंदांत संपायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक ध्वनिमुद्रणं चार ते साडेचार मिनिटांची आहेत, म्हणजे क्वेव्हर १०० च्या आसपास. तुमचा १०८ या दोहोंच्या मधला आहे, चांगला आहे. पण महिनाभरात एकदा तरी १३२ ला वाजवून पाहाच. त्या वेगाला हे गाणं चार मोठ्या पावलांत चालतं, बारा छोट्या पावलांत नाही. नंतर वेग खाली आणलात तरी ती चार पावलं शाबूत ठेवायची आहेत. १०८ ला कोरडं वाटण्याचं पहिलं कारण बहुधा हेच असणार: डाव्या हाताचे बाराही क्वेव्हर सारख्याच वजनाचे पडत असतील.

आता लयीचं. मिकुली हा शोपाँचा शिष्य. त्याने लिहून ठेवलंय की लयीच्या बाबतीत शोपाँ अतिशय कडक होता आणि मेट्रोनोम त्याच्या पियानोवरून कधी हलला नाही. साथ करणारा हात लय सांभाळतो, गाणारा हात मागेपुढे होतो. ठुमरी किंवा नाट्यपद ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. तबलजी ठेका धरून असतो, गाणारा शब्द रेंगाळून टाकतो किंवा घाईने उचलतो, पण समेला दोघं एकत्र. इथे डावा हात म्हणजे ठेका.

फक्त एक फरक विसरू नका. तंबोरा बदलत नाही, त्यामुळे गाणाऱ्याला आवर्तनभर मोकळीक असते. इथे डाव्या हाताखालची हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) बऱ्याचदा बीटगणिक बदलते. मेलडीचा सूर फार उशिरा आला तर तो पुढच्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) अंगावर पडतो आणि चुकल्यासारखा वाजतो. म्हणून मोकळीक साधारण एका हार्मनीपुरती. घेतलेला वेळ हार्मनी बदलायच्या आत परत करायचा.

तुमची लय ढेपाळते कारण तुम्ही दोन्ही हातांनी मिळून थांबताय. हे तपासायला सोपा उपाय आहे. डाव्या हाताचे पहिले आठ बार मेट्रोनोमवर वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. यांत्रिक मेट्रोनोम ४० च्या खाली जात नाही, त्यामुळे डॉटेड क्रॉचेट ३६ लावायला जाल तर जमणार नाही. क्वेव्हर १०८ लावा आणि दर तिसऱ्या टिकटिकीला बीट धरा. मग ते रेकॉर्डिंग लावून त्यावर फक्त उजवा हात वाजवा. रेकॉर्डिंग तुमच्यासाठी थांबत नाही. सुरुवातीला तुम्ही फ्रेजच्या शेवटी मागे पडाल आणि पुढच्या बारात धापा टाकत येऊन मिळाल. आठ-दहा दिवसांत हात आपोआप शिकतो की टोकाला लांबवलं तर उतरताना आवरायचं. शोपाँला अभिप्रेत असलेला रुबाटो (लय ताणून परत फेडणं) तो हाच. हे झाल्याखेरीज दोन्ही हात एकत्र घेऊन भाव भरायला जाऊ नका.

कुठे लांबवायचं? पहिल्या दोन बारांवरच पुरेसं काम आहे. उजवा हात बी फ्लॅटवरून एकदम वरच्या जीवर उडी घेतो, मेजर सिक्स्थची (सहा सुरांच्या अंतराची). गळ्याला ही उडी घ्यायला क्षणभर लागतो, पियानोच्या कीला लागत नाही. म्हणून बोटाने तो क्षण मुद्दाम द्यायचा. बी फ्लॅट हलका, किंचित रेंगाळलेला, आणि जी वर पोचल्यावर ठोकायचा नाही, कीच्या पृष्ठभागावरून दाबत जायचा. दुसऱ्या बारात सीवरून वरच्या सीवर अख्ख्या ऑक्टेव्हची (सप्तकाची) उडी आहे. दोन उड्यांना सारखाच वेळ दिला तर दोन्ही वाया गेल्या. ऑक्टेव्हला जास्त. १०८ च्या लयीत एक क्वेव्हर साधारण ०.५५ सेकंदाचा. वरचा सी त्याच्या पाव हिश्श्याएवढा उशिरा आला तर ऐकणाऱ्याला श्वास घेतल्यासारखं वाटतं. पूर्ण क्वेव्हरभर उशीर झाला तर बीट हरवला. आणि त्या सीनंतरचे सूर, जी, बी फ्लॅट, ए फ्लॅट, यांच्यात तो वेळ फेडायचा आहे. सीवर थांबून खाली उतरतानाही रेंगाळलात तर तुमची नेहमीची तक्रार परत सुरू.

चार बारांत सगळ्यात मोठं टोक एकच. पेन्सिलने खूण करा. दोन खुणा कराव्याशा वाटल्या तर अजून ठरलेलं नाही असं समजा.

आणखी एक. पहिली धून चार वेळा येते: १, ५, १३ आणि २१ व्या बारापासून. प्रत्येक वेळी शोपाँने नव्या हरकती लिहिल्यात. या परतीच्या जागी लोक आवाजही बदलतात, वेगही बदलतात, वर हरकती आहेतच. एवढं सगळं एका जागी नको. हरकतीने धून बदललीच आहे, तिथे लय सरळ ठेवा. आवाज बदलायचाच असेल तर मेलडीचा नको, साथीचा बदला: तिसऱ्या वेळी डाव्या हाताचे कॉर्ड आणखी एक पायरी मागे. ऐकणाऱ्याला धून जवळ आल्यासारखी वाटते आणि उजव्या हाताला काहीच जादा करावं लागत नाही.

निषाद_कोमल

काळीपाच यांचा रेकॉर्डिंगचा रियाज मान्य. पण ‘डावा हात कडक’ हे तत्त्व त्यांनी जितक्या ठामपणे मांडलंय तितकं मला मान्य नाही.

शोपाँच्या काळातल्यांचीच साक्ष काढू. संगीतकार मायरबेअर एकदा त्याची मझुर्का (पोलिश नाचाच्या चालीचा तुकडा) ऐकून म्हणाला की हे ३/४ (तिनाचं) नाही, २/४ (दोनाचं) आहे, आणि शोपाँ भडकला. पियानोवादक चार्ल्स हॅले याने मझुर्का ऐकताना बारात चार मोजून दाखवले, तेव्हा शोपाँने हसत कबूल केलं. संगीतकार बर्लिओझची तर उघड तक्रार होती की शोपाँला लयीचं बंधन सोसत नाही. हे तिघेही कानाचे पक्के होते. म्हणजे शिष्यांना शिकवताना कडक लय आणि स्वतः वाजवताना कानाला लय वाकलेली ऐकू येणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. मझुर्का नाच आहे, नॉक्टर्न गाणं, म्हणून एकाचा हिशेब दुसऱ्याला जसाच्या तसा लावायचा नाही हे कबूल. तरी डावा हात घड्याळासारखा चालला पाहिजे असा अर्थ मिकुलीच्या शब्दांतून काढणं मला घाईचं वाटतं. कडक डावा हात हा रियाज आहे. कार्यक्रमात तो घड्याळ नसतो, तो जाणता साथीदार असतो. चांगला तबलजीसुद्धा गायकाच्या मोठ्या जागेला ठेका केसभर सैल सोडतोच.

रॅकमनिनॉफचं १९२७ चं मुद्रण याच कारणासाठी पुन्हा ऐका. आणि त्याआधीच्या पिढीतला पियानोवादक पाडेरेव्हस्की याची कुठलीही शोपाँची मुद्रणं. डावा हात आधी, उजवा किंचित नंतर, ही त्या पिढीची बोलीच होती. आज ती सवय म्हणून घेतली तर चार बारांत कंटाळा येतो, कारण प्रत्येक बीटवर तेच होतं. पण एखाद्या जागी, समजा दुसऱ्या बारातल्या वरच्या सीला, बास आधी आणि सी जरा मागून, असं केलंत तर त्या सुराला जोर न लावता उठाव मिळतो. चार बारांत एकदा. त्याहून जास्त नाही.

एका गोष्टीकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. शोपाँने ‘पोको रुबाटो’ (थोडा रुबाटो) हे शब्द या तुकड्यात एकदाच लिहिलेत, २६ व्या बारात, कोडा (शेवटचा जोडभाग) सुरू झाल्यावर. सुरुवातीला फक्त ‘एस्प्रेसिव्हो, डोल्चे’ (भावपूर्ण, गोड) आहे. पहिल्या बारापासूनच लय ताणायला घेतलीत तर २६ ला काय शिल्लक राहणार? माझ्या मते पहिल्या २४ बारांत उजवा हात मागेपुढे करावा आणि डाव्याला स्थिर ठेवावं, इथवर मी काळीपाच यांच्याच बाजूने आहे. २६ पासून मात्र दोन्ही हातांनी मिळून लय सैल करायला हरकत नाही, कारण तिथे कागदच तसं सांगतो.

त्याच कोडात पुढे ‘कॉन फोर्झा’ (जोर लावून) आणि मग ‘स्ट्रेटो’ येतं. इथे बहुतेकांची गल्लत होते. आवाज वाढला की हात आपोआप जड होतो आणि वेग उतरतो. स्ट्रेटो म्हणजे आवळून, पुढे ओढत. वेग उतरवलात तर शोपाँने लिहिलंय त्याच्या बरोबर उलट होतं, आणि नंतरच्या मोकळ्या जागेला काही अर्थच उरत नाही. हे दोन बार वेगळे काढून, क्वेव्हर १०८ वरून १२० पर्यंत मेट्रोनोमवर चढवत वाजवा. फोर्टे (मोठा आवाज) तसाच ठेवून. हातात वजन खांद्यातून येऊ द्या, मनगट आवळलं की वेग मेलाच.

आस

दोघांनीही पेडल सोडून दिलं, म्हणून लिहिते. या नॉक्टर्नमध्ये व्यक्तीव्यक्तीत जो फरक ऐकू येतो त्यातला निम्मा उजव्या पायात असतो.

डाव्या हाताची चाल अशी: खाली एकटा बास (खर्जाचा सूर), मग वर दोन कॉर्ड. बासवरून हात उचलून कॉर्डकडे जावंच लागतं, म्हणजे बास धरून ठेवायचं काम पेडलचं. पेडल कधी बदलायचं? बास वाजण्याच्या क्षणी पाय वर, बास वाजल्याबरोबर पाय खाली. नवशिक्यांचं पेडल दोन प्रकारे चुकतं आणि दोन्हींचा आवाज वेगळा ओळखू येतो. पाय वर यायला उशीर झाला तर आधीची हार्मनी नव्या बासमध्ये मिसळते, गढूळ वाटतं. पाय खाली जायला उशीर झाला तर बोट बासवरून निघून गेलेलं असतं, पेडलला पकडायला काही उरतच नाही. मग कॉर्ड हवेत लोंबकळल्यासारखे वाजतात आणि मेलडी बारीक, उघडी पडते. तुमचा ‘कोरडेपणा’ मला या दुसऱ्या प्रकारचा वाटतो. तपासायचं असेल तर फक्त बास आणि पेडल वाजवा, कॉर्ड अजिबात नको. एका बासपासून दुसऱ्यापर्यंत आवाजात फट पडता कामा नये.

मग तोल. मेलडी मेझो फोर्टे (मध्यम मोठी) धरली तर बास पियानो (हळू आवाजात), कॉर्ड पियानिसिमो (अगदी हळू). गडबड कॉर्डमध्ये होते, कारण हात खालून उडी मारून येतो आणि अंगठा धप्पकन पडतो. उडी लवकर मारा आणि कीला बोटं टेकवून क्षणभर थांबा, मग दाबा. उडीची घाई आणि दाबण्याची घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर बीटच्या दोन कॉर्डपैकी दुसरा पहिल्याहून हलका ठेवलात तर काळीपाच म्हणतात ती चार पावलं आपोआप दिसू लागतील.

शोपाँचं आवडतं वाद्य प्लेयेल होतं. त्याची की हलकी, आणि आवाज आजच्या कॉन्सर्ट ग्रँडपेक्षा लवकर विरणारा. तेव्हाच्या पेडलच्या खुणा त्या वाद्यासाठी आहेत. आजच्या मोठ्या ग्रँडवर तीच खूण तंतोतंत पाळली तर बास अंगावर येतो. म्हणून खूण पाळायची, पण पाय तळापर्यंत न्यायचा नाही, अर्धा न्यायचा.

आणि इथेच तुमच्या वाद्याची अडचण आहे. डिजिटल पियानोसोबत येणारं साधं चौकोनी पेडल बहुधा चालू-बंद बटण असतं. अर्धं पेडल त्याला कळतच नाही. वाद्याच्या माहितीपुस्तकात अर्ध्या पेडलची सोय आहे का बघा. असेल तर त्याच कंपनीचं, सलग दाब ओळखणारं पेडल घ्या, दुसऱ्या कंपनीचं कधीकधी उलटं चालतं. तोवर निदान बदलण्याची वेळ तरी पक्की करा. परीक्षेआधी अकूस्टिकवर दोन-तीन तास मिळवाच. बोटांचं निभावेल, पण अर्ध्या पेडलची सवय अकूस्टिकवरच लागते. परीक्षा पावसाळ्यात असेल तर आणखी एक बघून ठेवा: मुंबई-कोकणाच्या दमट हवेत लाकूड आणि फेल्ट फुगतं, कीज जड किंवा सुस्त होतात. पियानिसिमोत अर्धवट दाबलेली की मग वाजतच नाही. अशा वाद्यावर सगळा तोल एक पायरी वर घ्यायचा, डाव्या हाताचे कॉर्डसुद्धा.

उत्तररात्र

खूपच उपयोगी. आस, तुम्ही म्हणालात तसं फक्त बास आणि पेडल वाजवून पाहिलं. फटी आहेत, विशेषतः बास फार खाली जातो तिथे.

दोन गोष्टी अजून. एक, हरकतींच्या जागा. डाव्या हाताचे क्वेव्हर ठरावीक आणि वर बारीक टायपातल्या नोट्सचा झुबका, तो कसा वाटायचा? सारखा भागला तर स्केलचा रियाज वाटतो. दुसरं, माझ्या प्रतीत काही ठिकाणी ‘रिट.’ (वेग हळूहळू उतरवा) आहे, नेटवरच्या दुसऱ्या प्रतीत नाही. कुठली खरी?

काळीपाच

आधी निषाद_कोमल यांना. २६ व्या बाराचा मुद्दा बिनतोड आहे, मी तो लिहायला हवा होता. साथीदार केसभर सैल सोडतो हेही खरं. पण ज्याची लय अजून ढेपाळते आहे त्याला आज हे सांगितलं तर केसाचा दोर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आधी कडक.

आता हरकती. शोपाँच्या वादनपरंपरेवर लिहिणारा क्लेचिन्स्की याचं सांगणं असं: झुबक्याची सुरुवात निवांत, शेवट वेगाने. शेवटी रेंगाळलात तर हरकतीला तिच्या लायकीपेक्षा जास्त महत्त्व येतं आणि ती ज्या सुराकडे चाललीय तो सूर बिचारा मागे राहतो. आपल्याकडची तान समेच्या जवळ येताना कशी आवळत जाते ते आठवा.

हाताला बसवायची रीत अशी. समजा तीन क्वेव्हरवर ११ नोट्स आहेत. भागाकार करून ३.६६ काढत बसायचं नाही. पहिल्या क्वेव्हरवर तीन, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर चार अशी वाटणी करा. आधी या ढोबळ वाटणीने, डाव्या हातासोबत, हळू, क्वेव्हर ६० ला. तीन दिवसांनी वाटणीच्या कडा पुसून टाका: मनात फक्त दोन खांब ठेवा, कुठून निघालो आणि कुठल्या बासवर पोचायचं. मधल्या नोट्स त्या दोन खांबांवर टांगलेल्या. बोटं दर वेळी थोडी वेगळी पडतील आणि तशीच पडायला हवीत. पण पोचण्याचा सूर आणि बास एकत्र पडले पाहिजेत, तिथे माफी नाही. बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे झुबका दिसला की डावा हात थबकतो. त्यासाठी रेकॉर्ड केलेला डावा हात पुन्हा लावा.

आवाजाचंही. छोट्या नोट्स मोठ्या नोटपेक्षा हलक्या. चढताना वाढणारा, उतरताना विरणारा आवाज ही साधी चाल बहुतेक ठिकाणी चालते. एखाद्या ठिकाणी उलट करून पाहा, चढताना विरत जा. वरच्या टोकाला कुजबुज झाली तर जोरापेक्षा ती जास्त लक्षात राहते. मात्र अख्ख्या तुकड्यात एकदाच.

मुख्य सुराच्या आधीची छोटी नोट कुठे वाजवायची, हाही नेहमीचा घोळ. शिष्यांच्या प्रतींत शोपाँने पेन्सिलने उभ्या-तिरक्या रेघा मारून छोटी नोट बासशी जोडलेली सापडते. म्हणजे ती बीटच्या आधी नाही, बीटवर, बाससोबत. मुख्य सूर त्यानंतर. एवढं एक केलंत तरी मेलडी बासच्या किंचित मागे पडते, वेगळा रुबाटो करावा न लागता.

निषाद_कोमल

प्रतींबद्दल. हा ओपस (क्रमांक दिलेला रचनासंच) १८३२-३३ मध्ये लाइपझिग, पॅरिस आणि लंडन अशा तीन ठिकाणी छापला गेला आणि तिन्हींत फरक आहेत. त्यावर एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या संपादकांनी आपापली बोटं (कुठल्या बोटाने वाजवायचं त्याचे आकडे), स्लर (सूर जोडणाऱ्या कमानी) आणि ‘रिट.’ घातले. नेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींत संपादकाचं काय आणि शोपाँचं काय हे बहुधा वेगळं दाखवलेलं नसतं. एकीयरने संपादित केलेली पोलिश नॅशनल एडिशन किंवा हेनले या प्रकाशकाची उर्टेक्स्ट (मूळ पाठाची आवृत्ती) घ्या. संपादकाची भर त्यांत वेगळी ओळखता येते. मग तुमच्या प्रतीतला प्रत्येक ‘रिट.’ तिथे आहे का बघा. नसेल तर खोडायलाच हवा असं नाही. पण तो दुसऱ्या कुणाचा तरी निर्णय आहे हे कळतं आणि मग तो घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवू शकता. स्लरकडे विशेष बघा. स्लर कुठे तुटतो त्यावर श्वास कुठे हे ठरतं, आणि तुमच्या फ्रेजच्या शेवटच्या ढेपाळण्यातला काही भाग संपादकाच्या लांबलचक स्लरमुळेही असू शकतो.

शोपाँने शिष्यांच्या प्रतींत याच नॉक्टर्नसाठी निराळ्या हरकती लिहून दिल्या होत्या, चांगल्या डझनभर तरी आहेत. एकीयरच्या आवृत्तीत त्या छापल्यात. मिकुलीचा शिष्य कोचाल्स्की याने १९३८ साली त्यातल्या काही वाजवून मुद्रण केलं, ते जरूर ऐका: एकच धून, पण जागा वेगळ्या. परीक्षेत मात्र छापील मुख्य पाठच वाजवा. घरच्या बैठकीत त्या हरकती घ्यायला काहीच अडचण नाही, फक्त एका खेपेला एकाच जागी.

ध्वनिमुद्रणांचा नीट उपयोग करायचा तर नुसतं ऐकू नका, मोजा. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पहिले आठ बार घ्या, प्रत्येक बीटवर खूण टाका. ३२ बीटांच्या ३२ लांब्या मिळतील. त्यातल्या सगळ्यात लांब तीन स्कोअरवर कुठे पडतात ते बघा, आणि त्यांच्या लगेच नंतरचे बीट आखूड झालेत का तेही. रुबिनस्टाइनने नॉक्टर्न तीन वेळा मुद्रित केले, १९३६-३७, १९४९-५० आणि १९६५-६७. त्याचीच तीन खेपांची मोजणी शेजारी शेजारी ठेवा. एकच माणूस तीस वर्षांत काय धरून ठेवतो आणि काय सोडून देतो हे आकड्यांत दिसतं. शेवटी स्वतःचं रेकॉर्डिंग त्याच पद्धतीने मोजा. ढेपाळणारी लय लगेच ओळखू येते: तिथे लांब बीटनंतर आखूड बीट येतच नाही, प्रत्येक बीट आधीच्याहून थोडा लांब होत जातो.

आस

एक जागा राहिली, ‘सेन्झा तेम्पो’ (लयीच्या बंधनाविना). ३२ व्या बारात डॉमिनंटवर (पंचमाच्या कॉर्डवर) सगळं थांबतं आणि उजवा हात एकटाच चार सुरांची तीच आकृती पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. अख्ख्या तुकड्यात ठेका बंद पडतो तो इथेच.

इथे दोन प्रकारची घाण होते. पहिली, आकृतीतल्या एकाच सुरावर दर वेळी जोर पडतो, बहुधा अंगठ्यामुळे, आणि शिवणयंत्र चालू झाल्यासारखं वाटतं. उपाय म्हणून आकृती चौथ्या, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या सुरापासून सुरू करून वाजवा, म्हणजे जोराची सवय मोडते. दुसरी, वेग चढवण्याची जागा ठरलेली नसते. पहिल्या दोन फेऱ्या चाचपडत, मग वेग आणि आवाज दोन्ही चढवा. उतरताना आधी आवाज उतरू द्या, वेग त्याच्यामागून. दोन्ही एकदम उतरवले की गाडीला ब्रेक लावल्यासारखं होतं. पेडल इथे प्रत्येक फेरीला बदलू नका. हार्मनी एकच आहे, पण सूर इतके जवळचे आहेत की पूर्ण दाबलं तर चिखल होतो. अर्धं दाबून ठेवा आणि आवाज चढेल तसा पाय किंचित वर आणा. साध्या पेडलवर हे होणार नाही. तिथे मधे एक-दोनदा पटकन बदलून घ्या.

त्यानंतर डाव्या हाताची चाल परत येते, पीपी (पियानिसिमो) आणि मग आणखी हळू आवाजात. रेंगाळण्याचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो. पहिला बीट आधीच्याच लयीत ठेवा, १०८ तर १०८. ठेका परत सुरू झालाय हे ऐकणाऱ्याला एका बीटात कळलं पाहिजे. शेवटच्या कॉर्डना वरचा सूर बाकीच्यांहून जरा स्पष्ट, आणि पेडल आवाज पूर्ण विरेपर्यंत खालीच. बोटं आधी उचलली तरी चालतील, पण पाय उचलताना डँपर (तारांचा आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे) तारांवर टेकल्याचा आवाज येऊ देऊ नका. सावकाश, दोन-तीन सेकंद घेऊन वर आणा.